निळ्या जिन्याच्या उजव्या हाताला

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे. पायांचा नव्हे, पानांचा. परक्या गावात उतरलेल्या माणसानं कुठल्या रस्त्यानं जावं, कुठं वळावं, कुठं थांबून मान वर करून बघावं, हे सांगण्यासाठी माझा जन्म झाला. आज माझं मुखपृष्ठ नाही. सुरुवातीची सहा पानं नाहीत आणि शेवटची दोनही नाहीत. सुरुवातीची कशी गेली ते आठवलं की मला अजून राग येतो. शेवटची गेली त्याबद्दल मात्र माझी कुणाविषयी तक्रार नाही, आणि तेच सांगण्यासाठी मी आज तोंड उघडलं आहे.

माझं गाव स्पेन देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. पुएर्तो क्लारो त्याचं नाव. तुमच्या शाळेतल्या नकाशात ते सापडणार नाही, इतकं ते लहान आहे. पण मला त्याची गल्ली न् गल्ली पाठ आहे. बंदराच्या धक्क्यावरून चढण सुरू होते ती माझी पहिली फेरी. तिथून डावीकडे जाळी विणणाऱ्यांची गल्ली लागते. तिथल्या बायका अजून दारात बसून फाटकी जाळी दुरुस्त करतात. पुढं संत्र्यांचा चौक. 'इथली संत्री शोभेची आहेत, कडू लागतात, तोडू नका,' अशी सूचना माझ्या एकेचाळीसाव्या पानावर आहे. चौकाच्या वरच्या अंगाला चौऱ्याण्णव पायऱ्यांचा एक जिना आहे. त्याच्या प्रत्येक पायरीला निळ्या फरश्या लावल्या आहेत आणि दोन्ही हातांना पांढरी घरं आहेत, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या आहेत. त्या जिन्याचं चित्र माझ्यात पूर्ण पानभर आहे. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद असतात, चिडू नका, असंही मी प्रवाशांना बजावून ठेवलं आहे.

आता एक गोष्ट कबूल करतो. हे गाव मी कधीही पाहिलेलं नाही. ज्या बाईनं मला लिहिलं ती तीन उन्हाळे तिथं पायी हिंडली. मी मात्र दुसऱ्याच देशातल्या छापखान्यात जन्मलो, खोक्यात बसलो, जहाजानं बहरीनला आलो आणि मनामातल्या एका पुस्तकांच्या दुकानात काचेआड उभा राहिलो. ज्या गावासाठी जन्मलो त्या गावाची हवासुद्धा मला कधी लागली नाही. माझ्या जातीच्या पुस्तकांना कुणीतरी खिशात घालून त्या त्या गावाला नेतं. मीही तेवढ्याच आशेवर होतो.

आणि एक दिवस शुभदाताईंनी मला विकत घेतलं, तेव्हा मला वाटलं की निघालो. शुभदाताई पुण्याच्या. बहरीनमध्ये एका कंपनीत अकाउंटंट होत्या आणि झिंजमधल्या एका फ्लॅटमध्ये नवरा गौरव आणि मुलगी आर्या यांच्यासोबत राहत. पहिल्या महिन्यात त्यांनी मला कव्हर घातलं, पेन्सिलीनं खुणा केल्या, निळ्या जिन्याच्या पानाला कोपऱ्यात दुमड घातली. रोज संध्याकाळी गौरवना म्हणत, यंदाच्या रजेत नक्की जायचं. पण आखातातल्या माणसाची रजा त्याच्या एकट्याची नसते, हे मला पुढं कळलं. पहिल्या वर्षीची रजा सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला गेली. दुसऱ्या वर्षी भावाची वास्तुशांत होती. तिसऱ्या वर्षी कुणाचं तरी लग्न. चौथ्या वर्षी शुभदाताईंनी मला कपाटातून काढलं, पाच मिनिटं चाळलं आणि परत ठेवून दिलं.

त्याच सुमाराला आर्याला शाळेत देशांच्या झेंड्यांचा प्रोजेक्ट करायचा होता. माझ्या मुखपृष्ठावर झेंडा होता आणि पहिल्या पानांवर देशाचा नकाशा. तिनं कात्री घेतली आणि मला सोललं. माझ्या देशाचं नाव ठळक अक्षरांत जिथं जिथं होतं, ते सगळं एका चार्टपेपरवर चिकटलं. तिला चांगले मार्क मिळाले म्हणे. मी त्यानंतर दोन वर्षं इंटरनेटच्या डबीखाली उशी होऊन पडलो होतो.

तिथून मला तुकारामनं सोडवलं, तेही मला न बघता.

तुकाराम एसी दुरुस्तीचं काम करायचा. वेंगुर्ल्याजवळच्या एका खाडीकाठच्या वाडीतला, पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. शुभदाताईंच्या घरी एसी साफ करायला आला, मराठी ऐकून मोकळा झाला आणि बोलता बोलता म्हणाला की दत्तप्रसाद गावाला निघालाय, त्याच्या हाती आईला खोकं पाठवायचं आहे. दत्तप्रसाद त्याच्याच वाडीतला. इथं गॅरेजमध्ये सुपरवायझर होता आणि बायकोसह हमद टाउनला राहायचा. मित्रांनो, बहरीनमधल्या आपल्या माणसांची ही एक रीत आहे. गावाला एक जण निघाला की चार जणांची खोकी त्याच्या सामानात जातात. दुधाच्या पावडरीचा डबा, खजूर, साबण, बाम, एखादी मऊ चादर, आणि ज्याच्यात्याच्या आईचं नाव मार्करनं मोठ्या अक्षरात.

शुभदाताईंनी आपल्याकडच्या दोन साड्या आणि एक स्टीलचा डबा दिला. खोबरेल तेलाची बाटली खोक्यात हलत होती. तुकारामनं काहीतरी जाड, सपाट आहे का असं विचारलं. ताईंनी इकडंतिकडं बघितलं, मला डबीखालून ओढलं, क्षणभर हातात धरलं आणि म्हणाल्या की हे घे, आता आम्ही कुठले जातोय. त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. तुकारामनं मला बाटली आणि डब्याच्या मधे उभं खुपसलं आणि वरून चिकटपट्टी मारली. त्यानं माझं एकही पान उघडलं नव्हतं. माझी चूक एवढीच की मी बाटली फुटू दिली नाही आणि धडधाकट पोहोचलो.

खोकं उघडलं सत्यवतीबाईंनी, म्हणजे तुकारामच्या आईनं. साठी उलटलेली, लवकर विधवा झालेली. आजूबाजूच्या चार वाड्यांत कुणाचं बाळंतपण असलं की तेल लावायला, बाळाला न्हाऊ घालायला तिलाच बोलावणं यायचं. चौथीपर्यंत शिकलेली, मराठी अडखळत वाचायची. मुलगा अकरा वर्षं बहरीनला होता. दर दोन वर्षांनी महिनाभर यायचा आणि तिथं कसं आहे विचारलं की बरं आहे म्हणायचा. याच्यापलीकडं त्या माउलीला बहरीनविषयी काही ठाऊक नव्हतं. तिच्याकडं बटनांचा साधा फोन होता, त्यात चेहरा दिसत नसे. कितीदा तरी तिनं त्याला सांगितलं होतं की एकदा तुझं गाव दाखव मला.

आणि आता खोक्यात मी निघालो. समुद्र, पांढरी घरं, फुलांच्या कुंड्या, होड्या. तिनं मला पदरानं पुसलं आणि ओटीवर मांडी घालून बसली. लेकानं आपलं गाव पाठवलं आहे, हे तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. दुसरं काय ठरवणार? खोक्यातली प्रत्येक वस्तू त्यानं तिच्यासाठीच धाडलेली असे.

त्या शुक्रवारी तुकारामचा फोन आला तेव्हा मी तिच्या मांडीवरच होतो.

"तुकारामा, पुस्तक गावला रे. किती बरो गाव तुझो! ह्यात तुझा घर खंयचा?"

कुठलं पुस्तक, हे त्याला आधी आठवेना. मग तीच सांगू लागली, पांढरी घरं आहेत, निळा जिना आहे, बोटी आहेत. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मलासुद्धा माझा अभिमान वाटला. तुकारामनं तो आनंद ऐकला आणि तिथंच त्याचा पाय घसरला.

"निळो जिनो दिसता मां," तो म्हणाला, "त्येच्या उजव्या हाताक."

सत्यवतीबाईंनी देवापुढची कुंकवाची कुयरी आणली, बोट टेकवलं आणि निळ्या जिन्याच्या उजव्या बाजूच्या पहिल्या घरावर लाल ठिपका उमटवला. माझ्या अंगावरची ती पहिली खूण, जी पुसली गेली नाही.

मित्रांनो, त्यानंतरचं दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुखाचं वर्ष होतं, हे सांगताना आज मला लाज वाटते. तिथं मी पहिल्यांदा समुद्र ऐकला. माझ्यात समुद्र हा शब्द शेकडो वेळा आहे, पण त्याचा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. झिंजच्या फ्लॅटच्या खिडक्या बंद असायच्या आणि एसी घुमायचा. इथं रोज संध्याकाळी सत्यवतीबाई मला घेऊन ओटीवर बसत आणि बोटानं एकेक रस्ता चालत जात. शुक्रवारी फोन आला की विचारत, "आज खंयच्या वाटेन गेलंस?" तुकारामजवळ पुस्तक नव्हतं. तिनंच आधी वर्णन केलेलं असे, त्यातलं आठवून तो सांगे, जाळ्यांच्या गल्लीतून गेलो, चौकातून आलो. संत्री खाल्लीस का, असं तिनं एकदा विचारलं. शेजारच्या राजसनं, सातवीतल्या मुलानं, तिला एकेचाळीसाव्या पानावरचं चौकाचं नाव तेवढं वाचून दाखवलं होतं, खालची सूचना नव्हे. तुकाराम म्हणाला की हो, गोड असतात. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

हा राजस मधूनमधून माझी इंग्रजी अक्षरं जुळवायचा. रस्त्यांची स्पॅनिश नावं त्याला अरबी वाटायची आणि बारीक छपाईपर्यंत त्याचा धीर टिकत नसे. दुपारी दुकानं बंद असतात हे त्यानं वाचलं, तेव्हा सत्यवतीबाईंनी फोनवर खात्री करून घेतली. बहरीनलाही दुपारी पुष्कळ दुकानं बंद असतात. तुकाराम त्या दिवशी पहिल्यांदा खरं बोलला आणि तिचा विश्वास आणखी पक्का झाला. वाडीत कुणीही आलं तरी ती मला पुढं करायची. हा बघा माझ्या लेकाचा गाव, हा जिना, हे घर. बायका लाल ठिपक्यावर वाकून बघायच्या.

मला तेव्हा सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं का? खरं उत्तर द्यायचं तर नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला रोज उघडत होतं.

मग दत्तप्रसादच्या बायकोला, भक्तीला, दिवस गेले. तिची आई आजारी होती, सासू नव्हती. परमुलखात बाळंतीण आणि बाळ यांचं करायला हक्काचं कुणीतरी हवं होतं. दत्तप्रसादनं सरळ सत्यवतीबाईंनाच फोन केला, काकी तुम्ही या, व्हिसाचं मी बघतो. त्या माउलीनं आधी बाळंतिणीचं सामान बांधलं, डिंक, ओवा, वावडिंग, बाळशेपा, आणि सगळ्यात वर मला ठेवलं. ओळखीच्या एका कुटुंबाच्या सोबतीनं ती गोव्याहून विमानात बसली. बारा वर्षं लेक जिथं राहिला तो जिना ती आता स्वतः चढणार होती. चौऱ्याण्णव पायऱ्या गुडघ्यांना झेपतील का, एवढीच तिला काळजी होती.

हमद टाउनला दत्तप्रसादचं घर दुकानांच्या वर होतं. खिडकीतून मोठा दुवार दिसायचा, म्हणजे गाड्या गोल वळसा घालतात तो चौक. मातकट रंगाची घरं, खजुरीची झाडं, गच्चीवरच्या डिश. सत्यवतीबाई खिडकीत उभ्या राहून माझी पानं उलटायच्या आणि पुन्हा बाहेर बघायच्या. तुकारामचं गाव बेटाच्या दुसऱ्या बाजूला असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दत्तप्रसादला विचारलं की तो म्हणे, लांब आहे काकी. तुकाराम राहायचा ते सलमाबाद तिथून गाडीनं फार तर वीस मिनिटांवर होतं.

तुकाराम दर शुक्रवारी यायचा. येताना हमूर मासा आणायचा, आईच्या हातची आमटी जेवायचा, बाळाकडं लांबूनच बघायचा आणि निघायचा. आईनं घरी ने म्हटलं की पुढच्या शुक्रवारी. त्याच्या सुदैवानं बाळंतिणीला सव्वा महिना सोडून जायचं नाही, असा तिचाच दंडक होता. त्यामुळं पुढचा शुक्रवार पुढं पुढं जात राहिला. मी टेबलावरून त्याच्याकडं पाहायचो. तो माझ्याकडं कधी बघत नसे, चुकून नजर गेली तर पाण्याचा ग्लास उचलायचा.

एके दिवशी बाळ झोपलेलं असताना भक्तीनं मला हातात घेतलं. ती कुडाळच्या कॉलेजात शिकलेली. तिनं बारीक छपाई वाचली. दोन पानांत तिला सगळं उमगलं आणि तिनं मला असं मिटलं जसं काही तिलाच चटका बसला. पुढच्या शुक्रवारी तुकाराम चपला काढत होता तेव्हा ती हळू आवाजात त्याला म्हणाली, "भावजी, ह्या मी सांगूचंय नाय. ह्या तुमीच सांगूक व्हया." त्या दिवशीही त्यानं सांगितलं नाही.

शेवटी सव्वा महिना झाला, व्हिसाचे दिवस संपत आले आणि एकच शुक्रवार उरला. सत्यवतीबाई सकाळपासून तयार होत्या. ठेवणीतली हिरवी साडी, नवीन चपला, आणि कापडी पिशवीत मी. लेकाच्या शेजारणींना द्यायला म्हणून पिशवीत खोबऱ्याच्या वड्यांचा डबाही होता. दत्तप्रसाद गाडीची किल्ली हातात घेऊन बसला होता. तुकाराम आला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. यल्ला, निघू या, असं दत्तप्रसाद म्हणाला. तुकाराम जागचा हलला नाही.

"आये," तो म्हणाला, "त्या पुस्तकातलो गाव माझो न्हय. मी थंय कधीच गेलंय नाय."

त्यानंतर त्यानं सगळं सांगितलं. बाटली फुटू नये म्हणून पुस्तक घातलं होतं, ते उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं, तू इतकी खूश झालीस की मला नाही म्हणवलं नाही. बाळाचा लंगोट घडी करता करता सत्यवतीबाईंचे हात थांबले. भक्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी पिशवीत होतो आणि मला पहिल्यांदा वाटलं की आर्यानं त्या दिवशी कात्रीनं माझे तुकडे केले असते तर बरं झालं असतं. उभ्या आयुष्यात मी एकाच माणसाला वाट दाखवली होती आणि ती सगळीच्या सगळी चुकीची होती.

"मगे तू खंय रवतंस?" तिनं विचारलं.

"सलमाबादाक. खोलयेत."

"तर माका थंय व्हर."

गाडीत मी तिच्या मांडीवर होतो. वाडीतल्या बायका वाकून वाकून बघत होत्या ते तिला आठवत असणार, मला तर आठवतच होतं. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती काचेबाहेर बघत एवढंच म्हणाली की तू मला फसवलंस. तुकाराम पुढच्या सीटवर होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते.

मित्रांनो, सलमाबादला कुणी पर्यटक जात नाही. माझ्यासारखं पुस्तक कुणी त्याच्यावर लिहिलेलं नाही. पत्र्याच्या उंच फाटकांची गोदामं, गाड्यांची गॅरेजं, रस्त्याकडेला उभे ट्रक, तेलाचे डाग पडलेली वाळू. शुक्रवार असल्यामुळं शटर बंद होती आणि कामगारांच्या इमारतींच्या कठड्यांवर कपडे वाळत होते, सगळे पुरुषांचे. तुकारामची खोली पहिल्या मजल्यावर होती. एका खोलीत तीन दुमजली पलंग, सहा माणसं. खेडचा झुबेर त्याच्या खालच्या पलंगावर राहायचा. त्यानं धावपळ करून चादर झटकली, स्टूल पुसलं आणि खालाजान म्हणत चहा आणायला पळाला. ज्या शेजारणींसाठी वड्या होत्या त्या तिथं कुणी नव्हत्याच. सत्यवतीबाईंनी डबा उघडला आणि खोलीतल्या पाचही जणांच्या हातावर दोन दोन वड्या ठेवल्या.

तुकारामचा पलंग वरचा. तिला वर चढता येईना. ती टाचा उंचावून उभी राहिली आणि हात लांब करून त्याच्या उशीवरून फिरवला. मग डोक्याशी टांगलेल्या पिशवीला हात लावला, भिंतीवरच्या खिळ्याला लावला, एसीचं वारं उशीवर येतं का तेही बघितलं. तुकाराम बाजूला उभा राहून रडत होता. मोठा माणूस, पण आवाज न करता लहान मुलासारखा रडत होता.

तिनं विचारलं, "माझ्याशी बोलतंस तेवा खंय बसतंस?"

तो तिला खाली घेऊन गेला. गोदामाच्या मागं एक लोखंडी जिना होता, कुणी फारसा न वापरलेला, दहाबारा पायऱ्यांचा. बाजूला कडुलिंबाचं एक झाड आणि भिंतीबाहेर आलेली एसीची यंत्रं. खोलीत सहा माणसांचा आवाज असतो म्हणून दर शुक्रवारी तो तिथं तिसऱ्या पायरीवर बसायचा. तिथं बसून त्यानं जाळ्यांची गल्ली आणि संत्र्यांचा चौक चालून काढला होता. सत्यवतीबाई तिसऱ्या पायरीवर बसल्या. बराच वेळ बसल्या. मग पिशवीतून मला काढलं, निळ्या जिन्याचं पान उघडलं, लाल ठिपका बघितला आणि पानं भराभर उलटत माझ्या अगदी शेवटाला आल्या.

तिथं माझी दोन पानं कोरी होती. प्रवाशांनी आपल्या नोंदी कराव्यात म्हणून ती ठेवलेली असतात. इतक्या वर्षांत त्यांवर कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिनं मला तुकारामच्या हातात दिलं.

"ह्या सगळा हय काढ. माका वाचूक येयत असा लिव."

तुकारामनं खिशातलं पेन काढलं. एसीच्या पाइपांच्या आकृत्या काढणारा त्याचा हात, त्यामुळं रेघा सरळ आल्या. मुख्य रस्ता, पत्र्याचं हिरवं फाटक, कोल्ड स्टोअर, म्हणजे जिथं तो दूध आणि पाव घेतो ते दुकान. सलून. झुबेर चहा घेतो ती टपरी. इमारत, पहिला मजला, खोली, वरचा पलंग. प्रत्येकाखाली त्यानं मोठ्या अक्षरांत मराठीत नाव लिहिलं. ती अडखळत एकेक नाव मोठ्यानं वाचत होती. मित्रांनो, माझ्या दोनशेहून अधिक पानांत तिला वाचता येईल असं ते पहिलंच पान होतं. सगळ्यात शेवटी त्यानं लोखंडी जिना काढला आणि तिसऱ्या पायरीवर एक लहान माणूस काढला. तिच्याजवळ कुंकू नव्हतं. तिनं आपल्या बोटानं त्या माणसाला नुसता स्पर्श केला.

त्या दिवशी मला कळलं की वाटाड्या म्हणजे काय. गाव सुंदर आहे की नाही हा प्रश्नच नसतो. ज्याला भेटायचं त्याच्या पायरीपर्यंत माणूस पोहोचला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी ती परत निघाली. मुहर्रकच्या विमानतळावर तुकाराम बॅग ढकलत होता. आत जाण्याआधी ती थांबली, मला काढलं आणि शेवटची दोन पानं शिवणीपासून हलक्या हातानं सुटी केली. ज्या हातांनी पन्नास बाळांना न्हाऊ घातलं होतं त्या हातांनी. मला दुखलं नाही. पानं तिनं पोलक्यात ठेवली आणि उरलेला मी तुकारामला दिला.

"ह्या तुका रवांदे. माझ्यासाठी इतके दिस त्या गावात फिरलंस, एकदा खराच जावन ये."

आता मी सलमाबादला वरच्या पलंगावर, उशीशेजारी असतो. दर शुक्रवारी तुकाराम मला घेऊन लोखंडी जिन्यावर बसतो. फोनवर पलीकडून सत्यवतीबाई नकाशा वाचतात. आज सलूनाकडून गेलास की फाटकाकडून, झुबेर बरा आहे का, हवा किती गरम आहे. तो जे असेल ते सांगतो. कधी पाणी नव्हतं, कधी काम फार होतं, कधी तुझी आठवण आली म्हणून जेवलो नाही. ते दोन कागद तिनं घरात कॅलेंडरशेजारी भिंतीवर लावले आहेत. वाडीतल्या बायकांना तिनं स्वतःच सांगितलं की मागचा गाव खोटा होता, हा खरा. थोड्या हसल्या म्हणे, मग वाकून वाचू लागल्या. राजसनं तर सगळी नावं पाठ केली आहेत.

बोलणं झालं की तुकाराम कधी कधी मला उघडतो आणि निळा जिना बघत बसतो. त्याला आता बारीक छपाईही थोडी थोडी वाचता येते. संत्री कडू असतात, हे त्याला परवाच कळलं आणि तो एकटाच हसला. आम्ही दोघं तिथं जाऊ का? मला माहीत नाही. त्याची पुढची रजा गावालाच जाणार, आणि ती तिकडंच जायला हवी. पण मला त्या गावाची ओढ लागली आहे ती काही केल्या जात नाही. शुभदाताईंची पेन्सिल, त्या माउलीचं बोट, तुकारामचे डोळे, इतकी माणसं माझ्या रस्त्यांवरून गेली, आणि तिथल्या मातीला त्यातल्या एकाचाही पाय लागला नाही.

मुलांनो, पुस्तकांना कात्री लावू नका, हे मी सांगणारच. आर्याला मी मनातून माफ केलेलं आहे, पण तुम्ही तसं करू नका. आणि तुमचं कुणी लांब राहत असेल तर ते कुठं राहतं हे एकदा नीट विचारा. चित्र नको, नकाशा मागा. तुम्ही स्वतः लांब असाल तर तो काढून पाठवा, कितीही साधी खोली असली तरी. घरचं माणूस त्यातली तिसरी पायरी शोधून काढतं.

आणि तुमच्यापैकी कुणी कधी पुएर्तो क्लारोला गेलंच, तर बंदरापासून चढा, चौकात संत्री तोडू नका, आणि निळ्या जिन्याच्या उजव्या हाताला जे पहिलं घर आहे तिथं घडीभर थांबा. त्याच्या भिंतीवर लाल ठिपका दिसणार नाही. पण एका आईनं दीड वर्ष आपला मुलगा त्या घरात सुखानं ठेवला होता. माझ्या वतीनं त्या दाराला एकदा हात लावून या.